तीन आठवडे कादंबरी, एक आठवडा ऑफिस

‘एक दिवस ही नोकरी सोडणार आणि मस्त पुस्तक लिहिणार!’ ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा डायलॉग आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतोच. फ्रीलान्सर होण्याआधी मीही तो कैकदा मारलाय. आता कुणी असं म्हणालं की मी एकच नाव सांगते : पीटर कॅरी.

ऑस्ट्रेलियाचा हा कादंबरीकार दोनदा बुकर मिळवणाऱ्या मोजक्या लेखकांपैकी एक. १९८८ मध्ये ‘ऑस्कर अँड ल्युसिंडा’साठी, २००१ मध्ये ‘ट्रू हिस्टरी ऑफ द केली गँग’साठी. पण मी फिदा आहे ती त्याच्या टाइमटेबलवर!

जन्म १९४३ चा, मेलबर्नजवळच्या बॅकस मार्श गावातला. आई-वडिलांचा मोटारविक्रीचा धंदा. कॉलेजात सायन्स घेतलं, पण ते काही जमलं नाही. १९६२ मध्ये स्वारी जाहिरात एजन्सीत दाखल. तिथल्या लिहित्या सहकाऱ्यांनी त्याला जॉइस, फॉकनर, काफ्काची चटक लावली. मग त्यानं कादंबऱ्या लिहिल्या, एकामागून एक. सगळ्या नापास! ‘द फॅट मॅन इन हिस्टरी’ हा पहिला कथासंग्रह आला १९७४ मध्ये. म्हणजे नोकरीला लागून तब्बल बारा वर्षांनी.

आणि खरी गंमत पुढेच आहे. १९७६ मध्ये तो क्वीन्सलँडमधल्या यांडिना इथं, शहरी चाकोरी सोडून एकत्र राहणाऱ्या मंडळींच्या वस्तीत राहायला गेला. महिन्याचे तीन आठवडे लेखन, चौथा आठवडा सिडनीत एजन्सीचं काम. १९८१ मध्ये ‘ब्लिस’ आली. तिचा नायक कोण? जाहिरातवालाच! नऊ मिनिटं मरून परत येतो आणि आपण नरकात आहोत असं त्याला वाटू लागतं. सोमवारी सकाळी आपल्याला वाटतं, अगदी तस्सं.

तोवर कॅरीनं पार्टनरसोबत स्वतःची एजन्सीही काढली होती. त्यातला वाटा त्यानं विकला थेट १९९० मध्ये, पहिल्या बुकरनंतर.

कबूल, घराचा हप्ता डोक्यावर असताना तीन आठवडे मोकळे कोण देणार? कॅरीनंही त्यासाठी शहर सोडलं, पगार कमी केला. पण ‘नोकरी सुटली की लिहीन’ म्हणत तो थांबला नाही.

तेव्हा राजीनाम्याचा मेल राहू दे ड्राफ्टमध्येच. शुक्रवारी संध्याकाळी सहाला बॉसनं नवं काम टाकलं, तर चिडू नका. त्याच्याकडे नीट बघून ठेवा. कॅरेक्टर मिळतंय, तेही फुकटात!