आज काय जेवलात?

“बाबा, आज काय जेवलात?”

“मऊ भात आणि मेतकूट. जराशी सर्दी आहे. दुपारी चिमणराव काढून बसलो होतो, परत एकदा.”

आईवडील गावी आणि मुले दुसऱ्या शहरात, अशा अनेक घरांत संध्याकाळचा फोन साधारण असाच होतो. या गप्पांना फारसा अर्थ नाही, असे वाटू शकते. पण घरातल्या ज्येष्ठाला किरकोळ आजार झाला असेल, तर जेवण, झोप आणि वाचन यांची ही रोजची विचारपूस तापमापकाइतकीच उपयोगी ठरते.

साधी सर्दी दोनशेहून अधिक प्रकारच्या विषाणूंमुळे होऊ शकते. ती बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते. खोकला त्यानंतरही काही दिवस रेंगाळतो. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. त्यामुळे मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊन सर्दी लवकर जात नाही. उलट जुलाबासारखे त्रास होऊ शकतात आणि औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढायला मदत होते. सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. त्यावर तापाची गोळी वेगळी घेतली, तर नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. म्हणून पाकिटावरचे घटक वाचूनच गोळी घ्यावी.

आजारपणात भूक मंदावते. दोन दिवस जेवण कमी झाले तर घाबरायचे कारण नाही, पाणी मात्र कमी पडू देऊ नये. पेज, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, वरणाचे पाणी असे पदार्थ पचायला हलके असतात आणि त्यांतून पाणीही पोटात जाते. गरम सुपाने घशाला आराम पडतो आणि चोंदलेले नाक मोकळे वाटते.

आता पुस्तकाचे. अंगात कणकण असताना नवी कादंबरी जड जाते, कारण पात्रे आणि प्रसंग लक्षात ठेवावे लागतात. अनेकदा वाचलेल्या विनोदी पुस्तकात तो भार नसतो. कुठूनही उघडावे, डोळा लागला की मिटावे. हसण्याने विषाणू मरत नाहीत, पण दुखणे थोडे सुसह्य होत असावे. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, इतरांसोबत हसल्यानंतर वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली दिसली. वाचलेला विनोद फोनवर सांगून दोघांनी हसावे, याला एवढा आधार पुरेसा आहे.

या गप्पांचा खरा उपयोग मात्र वेगळाच आहे. वय झाल्यावर न्यूमोनिया किंवा लघवीच्या मार्गातील संसर्ग झाला, तरी कधी कधी ताप चढतच नाही. अन्न नकोसे होणे, सतत गुंगी, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ हीच पहिली लक्षणे असू शकतात. काल मेतकूट-भात आवडीने खाणारे बाबा आज जेवलो की नाही हे सांगू शकत नसतील, किंवा तोंडपाठ असलेली गोष्ट सांगताना अडखळत असतील, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

धाप लागणे, छातीत दुखणे, लघवी फार कमी होणे, तीन दिवसांनंतरही ताप टिकणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, या वेळीही घरगुती उपायांवर थांबू नये. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डेंग्यूमध्ये ताप उतरतानाच प्रकृती बिघडू शकते. तेव्हा पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त ही लक्षणे दिसली, तर थेट रुग्णालय गाठावे.

म्हणून फोनवर “बरे आहात ना?” एवढेच विचारू नये. त्याला “हो” हेच उत्तर मिळते. काय जेवलात, किती जेवलात, आज चिमणराव कुठवर आला, हे विचारावे. कालच्या आणि आजच्या उत्तरांतला फरक लगेच कळतो.