घरबसल्या भौतिकोपचार

गिरगांवांतील जुन्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्ध गृहिणीच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, म्हणजे घरच्या मंडळींपुढें एक चमत्कारिक पेंच उभा राहतो. गुडघा वांकूं लागावा म्हणून तिनें रुग्णालयांत जाऊन व्यायाम केले पाहिजेत. तेथें जावयाचें तर आधीं जिना उतरला पाहिजे. आणि जिना उतरावयाचा तर गुडघा वांकला पाहिजे! कठडा धरून, दोघांच्या आधारानें ती खालीं येते, टॅक्सीनें परळ गांठते, रांगेंत बसते, अर्धा तास व्यायाम करते आणि परत येऊन तेवढ्याच पायऱ्या चढते. पहिले चार दिवस हा क्रम उत्साहानें चालतो. पुढें मुलाची रजा संपते आणि तिजबरोबर बहुधा उपचारही संपतो.

हा पेंच सोडविण्यासाठीं व्हिडिओ कॉलवरून भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, देण्याचा मार्ग निघाला आहे. परंतु जो रोगी डोळ्यांना दिसतो पण हाताला लागत नाहीं, तो अशा उपचारानें खरोखरच सुधारतो काय?

या विद्येचें आणि परळचें नातें जुनें आहे. पोलिओनें पांगळ्या झालेल्या मुलांची निकड ओळखून, 1950 नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें के. ई. एम. रुग्णालयांत भौतिकोपचार शिकविणारी भारतांतील पहिली शाळा निघाली. पाठोपाठ 1955 मध्यें हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. रोग्यानें उपचारकाकडे जावें, ही रीत तेव्हांपासून सर्वमान्य होती. 2020 च्या मार्चमध्यें टाळेबंदी आली, सर्वसामान्य प्रवाशांस लोकल गाड्या बंद झाल्या आणि ही रीत एकाएकीं मोडली. त्याच महिन्याच्या 25 तारखेस, डॉक्टरांनीं दुरून सल्ला कसा द्यावा याचे नियम केंद्र सरकारनें प्रसिद्ध केले. भौतिकोपचारतज्ज्ञही मोबाइलच्या पडद्यावरून रोग्यांस व्यायाम सांगूं लागले.

हें कितपत साधेल, तें उपचाराच्या स्वरूपावरून ठरतें. भौतिकोपचारांत दोन अंगें असतात. एक हाताचें: आंखडलेला सांधा हलकेंच ताणणें, स्नायूचा जोर आजमावणें, तोल जाणाऱ्या रोग्यास सावरणें. दुसरें शिकवणुकीचें: कोणता व्यायाम, किती वेळां, कोठवर करावा हें सांगणें, चुकल्यास सुधारणें आणि कंटाळा येऊं न देणें. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सूज व वेदना यांमुळें मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून पुरती आज्ञाच मिळत नाहीं. तो जणूं झोंपी जातो. गुडघ्याखालीं टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खालीं दाबणें, टांच घसरवीत पाय जवळ घेणें, खुर्चीवरून हातांच्या आधारावांचून उठणें, अशा साध्या क्रिया दिवसांतून अनेक वेळां केल्यानें तो जागा होतो. उपचारक रोग्याजवळ असतो अर्धा तास. उरलेला दिवस ती मेहनत रोग्यालाच करावी लागते. गुण येतो तो मुख्यतः या मेहनतीनें. म्हणून जेथें शिकवणुकीचें अंग मोठें, तेथें दुरून दिलेला उपचारही फळतो.

या तर्काला प्रयोगांचा आधार आहे. ब्रिस्बेन येथें कृत्रिम गुडघा बसविलेल्या 65 रोग्यांवर झालेला प्रयोग 2011 मध्यें, तर कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत 205 रोग्यांवर झालेला प्रयोग 2015 मध्यें प्रसिद्ध झाला. दोहोंतही दूरस्थ उपचार प्रत्यक्ष उपचारापेक्षां उणा ठरला नाहीं. 2024 मध्यें ‘लॅन्सेट’नें छापलेल्या ऑस्ट्रेलियांतील प्रयोगांत जुनाट गुडघेदुखीचे 394 रोगी होते. तीन महिन्यांत पांच भेटी. एका गटाच्या समक्ष, दुसऱ्याच्या व्हिडिओवरून. वेदना व हालचाल या दोन्ही बाबतींत दुसरा गट मागें राहिला नाहीं.

पक्षाघाताविषयीं मात्र इतक्या खात्रीनें बोलतां येत नाहीं. 22 प्रयोगांचा एकत्र आढावा 2020 मध्यें निघाला. त्यांत दैनंदिन कामें करण्याच्या शक्तींत फारसा फरक दिसला नाहीं, तरी पुरावा पुरेसा भक्कम नव्हता. भारतांतील 14 रुग्णालयांत 1250 पक्षाघातग्रस्तांवर झालेला, 2017 चा, एक मोठा प्रयोग तर सावध करणारा आहे. त्यांत नेहमींच्या उपचारांखेरीज घरच्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून रोग्याचा सराव करवून घेतला. परंतु सहा महिन्यांनंतर मृत्यूचें अथवा परावलंबनाचें एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत शेंकडा 47 च राहिलें. हा दूरस्थ उपचार नव्हता. तरी घरीं सराव सोंपविला म्हणजे काम झालें, हा समज त्यानें खोटा ठरविला.

शिवाय, परदेशांतील प्रयोगांचे निष्कर्ष लालबाग-परळच्या खोलीला जसेच्या तसे लागू पडतीलच असें नाहीं. बी. डी. डी. चाळीची जुनी खोली 160 चौरस फुटांची! तेथें अंथरूण पसरलें कीं मोबाइल कोठें ठेवावा हाच प्रश्न. तो हातांत धरूं नये. ओट्यावर डब्याला टेकवून ठेवावा. खिडकी रोग्याच्या पाठीशीं नसावी, नाहींतर पडद्यावर नुसती काळी आकृति दिसते. गुडघा किती वांकतो तें समोरून कळत नाहीं. त्यासाठीं रोग्यानें कडेला वळावें. खुर्ची भिंतीला टेंकलेली असावी आणि तोल जाण्याचें भय असल्यास घरांतील एकानें जवळ उभें राहावें. गणेशोत्सवांत ढोलताशे वाजूं लागले म्हणजे लालबागेंत शब्द ऐकूं येणें कठीण. तेव्हां पहांटेची वेळ ठरवावी.

पहिली तपासणी मात्र समक्षच व्हावी हें इष्ट. पुढचे धडे दुरून चालतील, आणि मधून मधून प्रत्यक्ष भेट असावी. शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजून दुखूं लागली, छातींत कळ आली, धाप लागली, जखमेंतून स्राव आला, किंवा कंबरदुखीबरोबर जांघेंत बधिरता येऊन लघवीवरचा ताबा सुटला, तर व्हिडिओ कॉलची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गृहिणीपुढें समक्ष उपचार कीं दुरून उपचार, असा प्रश्न बहुधा नसतोच. दुरून उपचार कीं कांहींच नाहीं, असा असतो. तिच्या बाबतींत दुरून मिळणाऱ्या उपचाराचें मोल मोठें आहे. त्याचें सार्थकही एका साध्या गोष्टीनें मोजतां येईल: कांहीं आठवड्यांनीं तोच जिना ती कोणाचा हात न धरतां उतरली पाहिजे.