@ नंतर मराठी नाव सुचवायचं तर…
फॉर्मच्या रकान्यात @ टाइप करताच नावांची यादी उघडते, ही सोय मला फार आवडते. मराठी नावांसाठी मात्र एक गोष्ट आधी तपासा. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर ओळखतो. ‘@मीना’ त्याला दिसतच नाही. जावास्क्रिप्टच्या २०१८च्या आवृत्तीपासून युनिकोडचे वर्ग वापरता येतात. पण नुसता अक्षरांचा वर्ग घेतला तर शोध ‘म’वरच अडतो, कारण वेलांटी ‘मार्क’ वर्गात मोडते. (जोडाक्षरातलं हलन्त चिन्हही तिथलंच.) म्हणून दोन्ही वर्ग घ्या.

नावांची यादी मागवताना दर अक्षराला सर्व्हरकडे धाव नको. दोन-तीनशे मिलिसेकंद थांबा. यादीत बाण, एंटर, एस्केप चाललेच पाहिजेत. आणि साठवताना नावासोबत आयडीही साठवा, म्हणजे उद्या नाव बदललं तरी उल्लेख त्याच माणसाकडे जाईल.