लोणारच्या काठी दोन दिवस

पाठीवर पडशी टाकून हिंडणारी आमची पुण्याची कॉलेजची मुलं सुट्टीहून परतली की मी विचारतो, "किती गावं झाली?" उत्तर येतं, "सर, सहा दिवसांत अकरा!" मग मी विचारतो, "आणि बसलात कुठं?" यावर बहुधा कुणी बोलत नाही.

मंडळी, बसण्याजोगी एक जागा आज सांगतो. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. जालन्याहून सिंदखेडराजामार्गे तिथं जावं. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं जन्मस्थान, तेव्हा वाटेत उतरलात तरी वेळ वाया जाणार नाही. लोणारात पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. गाव लहान, आणि गावाच्या कडेलाच जमीन एकदम खाली उतरते. काठापासून काठापर्यंत सुमारे १८०० मीटर रुंद, दीडशे मीटरांच्या आसपास खोल अशी एक प्रचंड वाटी, अन् तिच्या तळाशी हिरवट पाणी.

पहिल्या खेपेला मीही काठावरून पाहिलं, फोटो काढला आणि तासाभरात परतीची एसटी धरली. भूगोल शिकवणाऱ्या माणसानं हे सांगायला लाजच वाटते. दुसऱ्या खेपेला दोन दिवस राहिलो, तेव्हा कुठं थोडं कळलं.

ही वाटी ज्वालामुखीची असावी, असं पूर्वी पुष्कळांना वाटे. पण खाली छिद्रं घेऊन काढलेल्या खडकांत प्रचंड आघातानंच होणारे बदल सापडले आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं ती उल्काघाताची ठरवली. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टात, असा खड्डा पृथ्वीवर फार दुर्मिळ. चंद्रावरचे खड्डे समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात ते यामुळेच. त्याचं वय पूर्वी ५० हजार वर्षांच्या आसपास धरत. २०११ सालच्या अभ्यासात ते साडेपाच लाखांच्या पुढं गेलं.

आता पाणी खारं का? झरे आणि पाऊस वाटीत पाणी आणतात, पण बाहेर जायला ओढा नाही. पाणी जातं ते वाफ होऊनच, आणि त्यातले क्षार मागं राहतात. रोज पाणी तापवणाऱ्या हंड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो ना, तसंच हे. 'ऐने-अकबरी'तही या भागातल्या साबण आणि काच करण्याच्या सामानाचा उल्लेख आहे.

शिक्षकांनी एक गोष्ट अवश्य करावी. टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवावा आणि त्याच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात. सरोवराच्या पाण्यात पट्टी लालसर होते; काठावरच्या 'धारे'च्या गोड्या पाण्यात पिवळीच राहते. दोन्ही पाण्यांत अंतर किती, तर एका उताराचं! मुलांना हे पुस्तकातून सांगून पटत नाही. पट्ट्या मात्र तिथं टाकू नका, परत आणा. हे अभयारण्य आहे.

२०२० च्या जूनमध्ये सगळं सरोवर गुलाबी झालं. लोकांनी नाना तर्क केले. आमच्या पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, तेव्हा फार खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग निघाला. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला की हे जीव फोफावतात. पाऊस आला, रंग गेला. त्याच वर्षी सरोवराला आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळालं.

परंतु हा सगळा संसार त्या खाऱ्या पाण्यावर उभा आहे. त्यात गोडं पाणी आणि गावाचं सांडपाणी मिसळत गेलं, तर इथले जीव टिकायचे नाहीत. ही तक्रार जुनी आहे. सरोवराच्या रक्षणाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढंही गेला. अलीकडे पातळीही चढली आहे, म्हणून खाली उतरण्यापूर्वी वनखात्याच्या माणसाला वाट विचारावी.

दिवाळीनंतर जावं, पायांत चांगले बूट असावेत. सकाळी दैत्यसूदनाचं देऊळ निवांत पाहावं, दुपारी झोप काढावी. ऊन उतरलं की काठावर येऊन बसा. खालच्या झाडीतून मोर ओरडू लागतात, अन् त्यांचा आवाज त्या वाटीत बराच वेळ घुमत राहतो.