रक्त पातळ करणारें औषध आणि पायाची कळ

मिरा-भाईंदरच्या भातखाचरांत व मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांस पाय दुखणें हें दुखणेंच वाटत नाहीं. परंतु जो गृहस्थ रक्त पातळ करणारें औषध घेत आहे, त्यानें अशी वेदना अंगावर काढूं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

अशा औषधांतील प्रसिद्ध वॉर्फरिनचा उगम गोठ्यांत आहे. सन १९२० नंतर उत्तर अमेरिकेंत ‘स्वीट क्लोव्हर’ नांवाचा बुरसलेला चारा खाऊन गुरें रक्तस्रावानें मरूं लागलीं. १९३३ सालीं विस्कॉन्सिनचा एक शेतकरी न गोठणारें रक्त घेऊन प्रोफेसर लिंक यांजकडे गेला. त्या संशोधनांतून वॉर्फरिन निघालें. तें १९४८ पासून उंदरांस मारक, व १९५४ पासून मनुष्यास तारक ठरलें. अंतर केवळ मात्रेचें!

मात्रा चुकली वा कमी पडली तर शिरेंत गुठळी होते. अधिक झाली तर स्नायूंत रक्त साचतें. दोहोंतही पाय दुखतो, आणि भेद तपासणीवांचून कळत नाहीं. म्हणून एकच पोटरी सुजली, ऊन लागली, तर ती चोळूं नये. औषध आपण होऊन बंद करूं नये वा वाढवूं नये. वेदनाशामक गोळी विचारल्यावांचून घेऊं नये. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. धाप लागल्यास किंवा छातींत कळ आल्यास तत्काळ रुग्णालयांत जावें. वॉर्फरिन घेणारानें पालेभाजीचें प्रमाण एकसारखें ठेवावें व रक्ताची तपासणी चुकवूं नये.

गुरांपुढें टाकावयाचा चारा आपण हुंगून पाहतों. तितकीच दक्षता स्वतःच्या पायाविषयीं असावी.