खडा हरभऱ्याएवढा, व्याप डोंगराएवढा!

हजहून आलेल्या शेजाऱ्यांनी दिलेला खजूर आपण खातो, झमझमचं पाणी पितो. पण ‘सैतानाला दगड मारतात म्हणजे नेमकं काय करतात?’ हे विचारायला जीभ रेटत नाही. तर घ्या, न विचारलेल्या प्रश्नांची ही चटपटीत उत्तरं.

दगड नव्हे, खडा!
या विधीचं नाव ‘रमी’. पत्त्यांची नव्हे! अरबीत रमी म्हणजे फेकणं. ज्या तीन ठिकाणी खडे मारायचे त्यांना जमरात म्हणतात, आणि ‘जमरा’चा एक अर्थच मुळी खडा. आपल्याकडचे हाजी मात्र सरळ ‘शैतानला कंकऱ्या मारल्या’ असं सांगतात.

बाप, लेक आणि तीनदा आडवा आलेला सैतान
ईश्वराच्या आज्ञेवरून हजरत इब्राहीम मुलाची कुर्बानी द्यायला निघाले. वाटेत सैतानाने तीनदा गाठून त्यांचं मन वळवायचा प्रयत्न केला. इब्राहीम यांनी दर वेळी सात खडे मारून त्याला पिटाळलं, अशी परंपरा सांगते. मक्केजवळच्या मिना खोऱ्यातले तीन जमरात ही त्याची खूण. सैतानाला अरबीत ‘रजीम’ असं विशेषण आहे. त्याचा एक अर्थ ‘ज्याला दगड मारले गेले तो’!

रात्रीची खडेवेचणी
हजच्या महिन्याच्या 9 तारखेला दिवसभर अरफातच्या मैदानात प्रार्थना होते. सूर्य बुडाला की सगळे मुज्दलिफाकडे निघतात. तिथे ना तंबू ना खोली. चटई अंथरायची आणि उघड्या आभाळाखाली पाठ टेकायची. झोपण्याआधी मोबाईलच्या उजेडात वाकून वाकून खडे वेचायचे. कुणी कापडी पिशवीत भरतं, कुणी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. मुज्दलिफाचेच खडे हवेत असं बंधन नाही, मिनातलेही चालतात.

मोठा दगड? अजिबात नाही
खडा हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, दोन बोटांत धरून उडवता येईल असा हवा. प्रेषित मुहम्मद यांनी स्वतःसाठी असेच बारीक खडे वेचायला सांगितले आणि ‘धर्मात अतिरेक करू नका’ असं बजावलं, अशी हदीस आहे. तरी दर वर्षी कुणाचा तरी राग अनावर होतो आणि चप्पल भिरकावली जाते. ती हिशेबात धरली जात नाही! समोर खरोखरचा सैतान बसलेला नाही, मारायचं आहे ते आपल्या मनातल्या मोहाला, असं उलेमा सांगतात.

गणित सोपं आहे
10 तारखेला फक्त मोठ्या जमराला 7 खडे. 11 आणि 12 तारखेला तिन्ही जमरातना सात-सात, म्हणजे रोज 21. झाले 49. तेराव्या तारखेलाही थांबलात तर आणखी 21, एकूण 70. दोन दिवसांत निघालं तरी दोष नाही आणि थांबलं तरी नाही, ही मुभा कुराणातच आहे. 2024 मध्ये सुमारे 18 लाख 33 हजार यात्रेकरू होते. माणशी 49 धरले, तरी खडे नऊ कोटींच्या घरात जातात!

एकेकच, मूठभर नाही
सातही खडे एकदम फेकले तर तो एकच धरतात. प्रत्येक खड्याबरोबर ‘अल्लाहु अकबर’ म्हणायचं. खडा जमराच्या भिंतीभोवतीच्या हौदात पडला पाहिजे. बाहेर गेला तर दुसरा मारायचा. म्हणून शहाणा हाजी चार खडे जास्तच ठेवतो. आजारी, अशक्त माणसाचे खडे त्याच्या वतीने दुसऱ्याने मारले तरी चालतात.

मांस वाळवायचे दिवस
11 ते 13 या दिवसांना ‘तश्रीक’ म्हणतात. कुर्बानीच्या जनावरांच्या मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या, त्यावरून हे नाव पडल्याचं सांगतात. सुकट-बोंबलांची वाळवणं पाहिलेल्या कोकणी माणसाला हे वेगळं समजावायला नको.

खांब गेला, भिंत आली
पूर्वी जमरात म्हणजे खांब होते. नेम चुकला की खडा पलीकडच्या माणसाच्या डोक्यात! 2004 नंतर खांबांच्या जागी सुमारे 26 मीटर लांबीच्या भिंती उभ्या राहिल्या. नेम धरणं सोपं झालं, गर्दीही पांगली.

पूल की पाच मजली इमारत?
हा विधी जीवघेणाही ठरला आहे. जानेवारी 2006 मध्ये जमरातच्या पुलाजवळ झालेल्या चेंगराचेंगरीत 340 हून अधिक माणसं गेली. जुना पूल पाडून सुमारे 950 मीटर लांब, 80 मीटर रुंद असा पाच पातळ्यांचा नवा पूल बांधला गेला. तासाला तीन लाख माणसं पुढे सरकतील अशी त्याची आखणी आहे. येण्याचे आणि जाण्याचे रस्ते वेगळे, मागे फिरायची सोय नाही. तरीही 2015 मध्ये जमरातकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोठी दुर्घटना झाली. सरकारी आकडा 769 मृतांचा होता. वृत्तसंस्थांची बेरीज दोन हजारांच्या वर गेली.

सैतानाची वाट आणि भौतिकशास्त्र
2006 च्या दुर्घटनेची चित्रफीत भौतिकशास्त्रज्ञ डर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी बारकाईने अभ्यासली. गर्दी फार दाटली की माणसं स्वतःच्या पायांनी चालत नाहीत. खवळलेल्या पाण्यासारखी इकडून तिकडे ढकलली जातात, असं त्यांना दिसलं. गर्दीच्या शास्त्रात हा अभ्यास आजही महत्त्वाचा मानतात.

पाकीटबंद खडे
2020 मध्ये करोनामुळे अगदी मोजक्याच लोकांना हज करता आली. खडे वेचायची गंमतही गेली. निर्जंतुक केलेले खडे पिशव्यांत भरून प्रत्येकाच्या हाती देण्यात आले.

मुंबईचा धागा
विमानं रुळण्याआधी हजची वाट मुंबई बंदरातून जायची. जहाजांची ही सफर 1995 मध्ये थांबली. पण भारतीय हज कमिटीचं मुख्यालय आजही मुंबईतच, सीएसएमटीजवळच्या हज हाउसमध्ये आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला कुणी हाजी खजूर घेऊन दारात आले, तर नुसतं ‘मुबारक’ म्हणून थांबू नका. विचारा, “चाचा, सगळे खडे हौदात पडले ना?” चहा आणखी एक कप वाढेल, हे नक्की.