स्विंग युगातील बिग बँड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

साधारण १९३५ ते १९४६ या काळात अमेरिकेच्या लोकप्रिय संगीतावर स्विंगचे, म्हणजेच बिग बँडचे राज्य होते. बिग बँड हा बारा ते अठरा वादकांचा ताफा. त्यात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे तीन गट असत आणि चौथा गट ताल सांभाळणाऱ्यांचा : पियानो, गिटार, डबल बास आणि ड्रम्स. हे बँड बॉलरूममध्ये नाचणाऱ्यांसाठी वाजवत, रेडिओवरून घरोघरी पोहोचत आणि त्यांच्या तबकड्या खपत. जाहिरातीत आणि तबकडीवर ठळक नाव मात्र एकच असे, बँडलीडरचे : बेनी गुडमन, ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, ग्लेन मिलर. या संगीताविषयीचे बरेच गैरसमज या एका नावाआड बाकीची माणसे झाकली गेल्याने रुजले आहेत.

गैरसमज १ : स्विंगचा जन्म १९३५ मध्ये झाला आणि बेनी गुडमन त्याचा जनक होता.

वस्तुस्थिती : २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये गुडमनच्या बँडने तरुणांना अक्षरशः वेड लावले, हे खरे. सुरुवातीला बँडने सौम्य, बेताच्या चाली वाजवल्या आणि श्रोते थंडच राहिले. मग गुडमनने फ्लेचर हेंडरसनच्या जोमदार अरेंजमेंट, म्हणजे बँडसाठी लिहिलेल्या मांडण्या, बाहेर काढल्या, तेव्हा लोक नाच थांबवून मंचाभोवती गर्दी करू लागले. हा प्रतिसाद अचानक मिळालेला नव्हता. डिसेंबर १९३४ पासून काही महिने ‘लेट्स डान्स’ या शनिवारच्या रेडिओ कार्यक्रमात हा बँड वाजत होता. न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटलेली असे, तेव्हा तीन तास मागे असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर रात्र नुकती रंगात येत असे, म्हणून तिथल्या तरुणांना हा बँड आधीपासून ओळखीचा होता.

ज्याच्या अरेंजमेंटनी ती रात्र जिंकली, तो हेंडरसन कृष्णवर्णीय बँडलीडर होता. न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममध्ये त्याचा बँड १९२० च्या दशकातच गाजत होता. त्याचा अरेंजर डॉन रेडमन याने ब्रास (ट्रम्पेट-ट्रॉम्बोन) आणि सॅक्सोफोन या गटांना समोरासमोर उभे करून त्यांच्यात सवाल-जवाब घडवण्याची पद्धत रुळवली. १९२४ मध्ये लुई आर्मस्ट्राँग या बँडमध्ये आला आणि त्याच्या ट्रम्पेटने साऱ्या ताफ्याला लयीकडे नव्याने पाहायला शिकवले. एलिंग्टनने तर ‘स्विंग’ हा शब्द १९३२ मध्येच एका गाण्याच्या शीर्षकात वापरला होता. गुडमनने हे संगीत देशभरच्या गोऱ्या श्रोत्यांपर्यंत नेले. ते घडवले होते कृष्णवर्णीय संगीतकारांनी, दहा वर्षे आधीपासून.

गैरसमज २ : बिग बँडमध्ये सगळे कागदावर लिहिलेले असे, उत्स्फूर्ततेला वाव नव्हता.

वस्तुस्थिती : पंधरा वादकांनी एका दमात एक वाक्य वाजवायचे तर बांधणी हवीच. पण अरेंजर मध्ये मोकळ्या जागा ठेवत असे आणि तिथे एकल वादक आपल्या मनाने वाजवत असे. कॅन्सस सिटीहून आलेल्या काउंट बेसीच्या बँडमध्ये तर कित्येक रचना आधी लिहिल्याच जात नसत. कुणी एक छोटी लकेर वाजवायची, शेजाऱ्यांनी ती उचलायची, दुसऱ्या गटाने तिला उत्तर द्यायचे, असे करत रचना तोंडी उभी राहायची. ‘वन ओ’क्लॉक जंप’ ही त्याची प्रसिद्ध रचना अशीच घडली.

१६ जानेवारी १९३८ रोजी कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या गुडमनच्या मैफलीतही याचा प्रत्यय येतो. ‘सिंग, सिंग, सिंग’ ही लांबलचक रचना शेवटाकडे आली असताना गुडमनने पियानोवादक जेस स्टेसीला वाजवण्याची खूण केली. तसे काही ठरलेले नव्हते. जीन क्रूपाचे ड्रम्स खाली दबकत धुमसत राहिले आणि स्टेसीने सुमारे दोन मिनिटे अत्यंत शांत, चिंतनशील वादन केले. त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणात आजही सर्वांत जास्त वाखाणला जातो तो हाच भाग.

गैरसमज ३ : बँडची गाजलेली रचना म्हणजे बँडलीडरची रचना.

वस्तुस्थिती : ‘सिंग, सिंग, सिंग’ लुई प्रीमाची आहे. ग्लेन मिलरची ओळख बनलेल्या ‘इन द मूड’चे श्रेय संगीतकार म्हणून जो गारलंडकडे जाते, तिच्यातली मुख्य लकेर तर १९३० मधल्या विंगी मनोनच्या तबकडीवरही ऐकू येते. एलिंग्टनच्या बँडची ओळखधून ‘टेक द ए ट्रेन’ बिली स्ट्रेहॉर्नने रचली. तिच्या यशामागे एक तंटा आहे. रेडिओ कंपन्यांशी मानधनावरून वाद होऊन १९४१ मध्ये एस्कॅप या संगीतकारांच्या संस्थेच्या सभासदांची गाणी रेडिओवरून बंद झाली. एलिंग्टन सभासद असल्याने त्याला स्वतःच्याच रचना प्रसारित करता येईनात. स्ट्रेहॉर्न सभासद नव्हता, म्हणून त्याच्या रचना पुढे आल्या.

याचा अर्थ बँडलीडर नुसते नावाचे धनी होते असा नव्हे. ‘मूनलाइट सेरेनेड’ मिलरचीच आहे. सॅक्सोफोनच्या गटावर क्लॅरिनेट ठेवायचे आणि तीच चाल टेनर सॅक्सोफोनने खालच्या सप्तकात वाजवायची, या योजनेने त्याच्या बँडला दोन स्वरांतच ओळखू येणारा नाद मिळाला. एलिंग्टन वाद्यासाठी लिहीत नसे, माणसासाठी लिहीत असे; ‘कॉन्चेर्टो फॉर कूटी’ त्याने कूटी विल्यम्सच्या ट्रम्पेटचा पोत डोळ्यांसमोर ठेवूनच रचली.

गैरसमज ४ : स्विंगने वर्णभेदाच्या भिंती पाडल्या.

वस्तुस्थिती : काही भिंतींना भगदाडे पडली. गुडमनने १९३६ मध्ये पियानोवादक टेडी विल्सन आणि व्हायब्राफोनवादक लायोनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय कलावंतांना आपल्या सोबत मंचावर आणले. पण ते त्याच्या छोट्या संचांत वाजवत, मुख्य बँडमध्ये नव्हे. हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये काळे-गोरे एकत्र नाचत. तिथेच ११ मे १९३७ रोजी चिक वेबच्या बँडने गुडमनच्या बँडला जंगी सामन्यात मात दिली. त्याच हार्लेममधल्या कॉटन क्लबमध्ये मात्र एलिंग्टनसारखे कलावंत कृष्णवर्णीय आणि प्रेक्षक गोरे, असाच रिवाज होता. १९३८ मध्ये आर्टी शॉच्या गोऱ्या बँडबरोबर गाणाऱ्या बिली हॉलिडेला न्यूयॉर्कमधल्या हॉटेलातही मालवाहू लिफ्टने जाण्याचा अपमान सोसावा लागला.

गैरसमज ५ : बिग बँडमध्ये स्त्रिया फक्त गायिका होत्या.

वस्तुस्थिती : मेरी लू विल्यम्स ही अँडी कर्कच्या बँडची पियानोवादक आणि अरेंजर होती, गुडमननेही तिची ‘रोल एम’ वाजवली. मिसिसिपीतल्या पायनी वुड्स शाळेत १९३७ च्या सुमारास ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम’ हा मुलींचा बँड उभा राहिला. वेगवेगळ्या वंशांच्या मुली त्यात होत्या. दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांनी एकत्र वाजवणे धोक्याचे असल्याने त्यातल्या गोऱ्या वादक तिथे चेहऱ्याला गडद रंग लावून मंचावर येत. १९४५ मध्ये या बँडने युरोपात अमेरिकी सैनिकांसमोर वादन केले.

गैरसमज ६ : रॉक अँड रोलने बिग बँड संपवले.

वस्तुस्थिती : रॉक अँड रोलची लाट १९५० च्या दशकाच्या मध्यात आली. बँडचा कणा त्याआधीच मोडला होता. दुसऱ्या महायुद्धात वादक सैन्यात गेले, पेट्रोल आणि टायरच्या टंचाईने दौरे अडले. १५ डिसेंबर १९४४ रोजी मिलरचे विमान इंग्लिश खाडीवर बेपत्ता झाले. वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. मोठ्या कंपन्यांपैकी दोघींशी तो नोव्हेंबर १९४४ पर्यंत चालला. गायकांना ही बंदी लागू नव्हती, त्यामुळे फ्रँक सिनात्रासारखे गायक बँडची साथ सोडून स्वतंत्रपणे पुढे आले. १९४४ मध्ये नाचाच्या ठिकाणांवर जबर कर बसला. डिसेंबर १९४६ पर्यंत गुडमन, टॉमी डॉर्सी, हॅरी जेम्स, वुडी हर्मन यांनी आपापले बँड मोडले. त्यांतल्या काहींनी पुढे ते पुन्हा उभारले. एलिंग्टनने आपला बँड १९७४ मधल्या मृत्यूपर्यंत चालू ठेवला.

गैरसमज ७ : हे संगीत भारतात फक्त तबकड्यांवरून ऐकले गेले.

वस्तुस्थिती : १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या वादकांनी ही शैली लगेच आत्मसात केली. हळदोण्याचा आंतोनियु झावियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ नावाने बँडलीडर झाला आणि १९५१ च्या ‘अलबेला’ या हिंदी चित्रपटासाठी त्याने संगीतकार सी. रामचंद्र यांना सहाय्य केले. चित्रपटात त्याचा बँडही दिसतो. पुढे फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा या गोमंतकीय अरेंजरांनी हिंदी चित्रपटगीतांचे वाद्यवृंद बांधले. तिथेही पडद्यावर मोठे नाव संगीत दिग्दर्शकाचे असे. ब्रास आणि व्हायोलिनचे ताव रात्री जागून लिहिणारा अरेंजर, हेंडरसन आणि स्ट्रेहॉर्नप्रमाणेच, गाण्यात असे आणि जाहिरातीत नसे.